‘कम्युनिटी मॅनेजर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आमच्या ऑनलाइन गटाची नियमावली मराठीत लिहायला घेतली आहे. ॲडमिन, मॉडरेटर आणि कम्युनिटी मॅनेजर, तिघांनाही मसुद्यात ‘संचालक’ म्हटलं आहे. चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालणार नाही. नियमावली उघडणाऱ्या सभासदाला तीन गोष्टी हव्या असतात : माझा मजकूर कोण काढू शकतं, माझं खातं कोण बंद करू शकतं आणि दाद कुणाकडे मागायची. ‘संचालक’ या एका शब्दातून यातलं काहीच कळत नाही.

ॲडमिनकडे तांत्रिक किल्ल्या असतात. मराठी विकिपीडियाने त्याच्यासाठी ‘प्रचालक’ रुळवला आहे आणि तो मला मनापासून पटतो. पान वगळणं, सुरक्षित करणं, उपद्रवी खात्याला रोखणं ही त्याची कामं. पण लेखात काय असावं याबद्दल त्याच्या मताला इतर सदस्यांपेक्षा जास्त वजन नाही. ‘प्रशासक’ म्हटलं की निवडून आलेलं मंडळ बरखास्त झाल्यावर वरून नेमलेला अधिकारी आठवतो. ती छटा इथे नको.

मॉडरेटरला काही जण ‘संपादक’ म्हणतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. संपादक मजकूर सुधारतो, वाक्य बदलतो. मॉडरेटरने सभासदाच्या वाक्याला हातही लावू नये. नियमात बसत नसेल तर ते काढावं आणि कारण सांगावं. मी ‘नियामक’ सुचवेन. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर ॲडमिन हे कंपनीचे पगारी लोक आणि मॉडरेटर बहुतेक स्वयंसेवक. तिथे दोघांना एकच शब्द वापरला तर सगळा अर्थच बिघडेल.

आता मूळ शब्द, ‘कम्युनिटी मॅनेजर’. ‘व्यवस्थापक’ चूक नाही, पण व्यवस्थापकाच्या हाताखाली माणसं असतात. इथे हाताखाली कुणीच नसतं. समजा, दोन जुने सभासद चर्चेच्या एका धाग्यावर हमरीतुमरीवर आले. नियामकाने धागा बंद केला, त्याचं काम संपलं. कम्युनिटी मॅनेजरचं तिथून सुरू होतं : दोघांशी वेगवेगळं बोलायचं, भेदरून गप्प बसलेल्या नवख्यांची विचारपूस करायची, हाच वाद वारंवार का पेटतो ते गट चालवणाऱ्यांच्या कानावर घालायचं. हे सगळं ‘समन्वयक’ या शब्दात येतं. फक्त खाली एक ओळ जोडा : ‘समन्वयक मजकूर काढत नाही.’ ज्याच्या हातात कात्री आहे त्याच्याशी कोण मोकळेपणाने बोलेल?

प्रश्न : पटलं. पण आमच्याकडे ही तिन्ही कामं दोघंच करतात. मग?

उत्तर : छोट्या गटांत असंच असतं. तरी शब्द माणसाला न चिकटवता कामाला चिकटवा : ‘नियामक या नात्याने’, ‘समन्वयक या नात्याने’. आणि दोघं आहात हे चांगलंच आहे. सदस्यांचे आयपी पत्ते, म्हणजे त्यांच्या इंटरनेट जोडणीचे क्रमांक, तपासण्याचा अधिकार कुठल्याही विकिपीडियावर द्यायचा तर किमान दोघांना द्यावा लागतो, म्हणजे एकमेकांवर लक्ष राहतं. तुम्ही एवढं कलम घाला : ‘ज्या नियामकाने मजकूर काढला, त्याविरुद्धची तक्रार दुसरा नियामक ऐकेल.’