जुना संगणक आणि नवा गेम: तुमचे अनुभव

खिडकीपाशी
लेकीने खूप दिवस मनात असलेला गेम काल उतरवायला लावला. डूम : द डार्क एजेस. सकाळी उठल्या उठल्या सुरू करायला गेली, तर ग्राफिक्स कार्ड चालणार नाही म्हणून चौकट आली. कार्ड एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स मालिकेतलं, बाकीचे गेम त्यावर छान चालतात. पण ह्या गेमला रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावल्या काढायची पद्धत) हार्डवेअरमध्येच लागतं, सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची सोय नाही. तिचा चेहरा उतरला आणि मला १९९३ चा पहिला डूम आठवला. आमच्याकडे २८६ प्रोसेसरचा संगणक होता. डूमला किमान ३८६ आणि ४ एमबी रॅम हवी. २८६ ला ३२ बिटचा कोड कळतच नाही, त्यामुळे कितीही थांबा, काही होत नाही.

हळू चालणं वेगळं आणि सुरूच न होणं वेगळं. हळू चाललं तर आपण रिझोल्यूशन कमी करतो, सावल्या बंद करतो, काहीतरी जुळवून घेतो. दुसऱ्यात हात बांधलेले. माझा जीव त्या दुसऱ्या प्रकारात अडकलाय, म्हणून हा धागा. तुमच्या मशीनने कशापाशी हात टेकले ते लिहा.

टर्बोबटण
६४० केबी!! मशीनमध्ये ४ एमबी आणि गेम म्हणतो मेमरी कमी पडतेय. डॉसच्या (विंडोजच्या आधीची प्रणाली) प्रोग्रामांच्या वाट्याला पहिले ६४० केबी, त्यातच माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, साउंड कार्डाचं सामान. मग कॉन्फिग डॉट सिस (डॉस सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) उघडून मेमरी मोकळी करायच्या ओळी, हायमेम, ईएमएम३८६, डॉस=हाय,यूएमबी. ओळी वरखाली करायच्या, परत बूट, परत मेम ही आज्ञा लिहून बघायचं किती सुटले. काही गेमना ईएमएम३८६ शिवाय ईएमएस (वाढीव) मेमरी मिळायची नाही, काहींचं त्याच्याशी वाकडं. अल्टिमा ७ (१९९२) स्वतःचा मेमरी मॅनेजर घेऊन आलेला, तो ईएमएम३८६ बरोबर नांदायचाच नाही. म्हणून प्रत्येक गेमची वेगळी बूट फ्लॉपी असायची आमच्याकडे. संगणकाचं जे काही शिकलो ते ह्या खटपटीत. मला कोणी शिकवलं नाही, गेमने शिकवलं.

अर्धीझोप
वाचतेय. बाळ झोपलं की लिहिते.

चारशेशहाऐंशी
४८६ डीएक्स२ प्रोसेसरवर डूम पळायचा हो. मग १९९६ ला क्वेक आला. सुरू झाला, पण एकेक चित्र सरकत सरकत. क्वेकचं सगळं गणित दशांश अपूर्णांकांचं आणि ते पेंटियमच्या फ्लोटिंग पॉइंट युनिटचा अंदाज धरून लिहिलेलं. ४८६ ला ते झेपेना. शेजारच्या दादाकडे सायरिक्स ६एक्स८६ होता, एरवीच्या कामात पेंटियमच्या तोडीचा, पण क्वेकमध्ये तोही मागे पडायचा. आम्ही दोघं चित्राची चौकट लहान लहान करत जायचो, शेवटी पडद्याच्या मध्यभागी टिचभर खिडकी उरायची आणि त्यात खेळायचो. वेळ मस्त जायचा.

रात्रपाळी
टिचभर खिडकी +१. मीपण.

कीबोर्डवाली
माझी गोष्ट ऑनबोर्ड ग्राफिक्सची. वेगळं कार्ड नव्हतंच. २००३-०४ नंतर जो गेम बघावा त्याला हार्डवेअर टी अँड एल (आकार आणि उजेडाचं गणित कार्डानेच करणं) किंवा पिक्सेल शेडर (प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) हवे. मग थ्रीडी ॲनालाइझ नावाचं इवलंसं सॉफ्टवेअर मिळालं. ते गेमला सांगायचं की कार्ड भारी आहे, आणि टी अँड एलचं काम प्रोसेसरवर ढकलायचं. गेम उघडायचा! माणसांचे चेहरे काळे, आकाश पांढरंफेक, पाणी गायबच. तरी मी एक अख्खा गेम असा पार केला. कितीतरी वर्षांनी तोच गेम चांगल्या कार्डावर पाहिला तेव्हा कळलं की त्या ओसाड मैदानात तळं होतं.

नीलपडदा
थ्रीडी ॲनालाइझ!!! अगं कुठून काढलंस हे नाव. ते तळ्याचं वाचून गलबललं.
शेडरवरून आठवलं, बायोशॉकला (२००७) शेडर मॉडेल ३ हवं होतं. २ वाली कार्डं तेव्हा घरोघर, चांगली ताकदवान, पण गेम ढिम्म. मग खेळणाऱ्यांनीच शेडर २ साठी बदललेल्या फाइल्स लिहून फुकट वाटल्या. सगळं चित्र बरोबर दिसायचं नाही, पण खेळता यायचं. त्या अनोळखी लोकांचे आभार मानायचे राहिलेत, इथे मानतो.

सहजआलो
लिफ्टमध्ये आहे, पटकन. फेनम २ प्रोसेसर, सहा कोअर. गेम नो मॅन्स स्काय, २०१६. वेग भरपूर, पण प्रोसेसरमध्ये एसएसई ४.१ नावाच्या संचातल्या सूचना नाहीत, म्हणून सुरू होताच बंद. काही दिवसांत पॅच आला आणि त्याच प्रोसेसरवर खेळलो. म्हणजे लिहिणाऱ्यांनी मनावर घेतलं तर होतं! आता एव्हीएक्स हा त्याहून नवा सूचनासंच मागणारे गेम येतात, तिथे फेनमचं काही चालत नाही.

पेनड्राइव्ह
माझ्याकडे आडवं आलं ते हार्डवेअर नाही, विंडोज. स्टीम (गेम विकत घेऊन चालवायचं ऑनलाइन दुकान) १ जानेवारी २०१९ पासून एक्सपी आणि व्हिस्टावर थांबलं, १ जानेवारी २०२४ पासून ७ आणि ८ वर. गेम तेच, मशीन तेच, फक्त मधला दरवाजा बदलला. तारीख आधी जाहीर होती, म्हणून भावाने आणि मी बसून सगळ्या सेव्ह फाइल्स काढून ठेवल्या. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनीही हे करून ठेवा, त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

रात्रपाळी
आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) पाहिजे. ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू लागतात. मशीन बाद समजण्याआधी बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) डोकावा, बऱ्याच बोर्डांवर टीपीएम असतं, नुसतं बंद ठेवलेलं असतं. एएमडीवर एफटीपीएम, इंटेलवर पीटीटी नावाने शोधा.

पेनड्राइव्ह
हे माहीत नव्हतं. आज रात्री बघते. धन्यवाद.

चौकोनी
उलटा अनुभव चालेल का? जुना प्रोग्राम, नवा संगणक. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले छोटे गेम पेंटियम २ वर 'रनटाइम एरर २००' देऊन पडायचे. सुरुवातीलाच प्रोग्राम संगणकाचा वेग मोजायचा, वेग इतका जास्त निघायचा की भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावायचं नाही. भागाकार उतू गेला की तोच एरर. वडिलांनी बनवलेला सापाचा गेम असा बंद पडला होता. आता डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) सायकल्स, म्हणजे वेग, कमी करून चालवतो, वडील अजून खेळतात.

टर्बोबटण
वडिलांना नमस्कार सांगा. माझं नाव त्याच कारणाने आहे! ते बटण जुन्या गेमसाठी मशीन हळू करायला असायचं, नाव मात्र टर्बो.

चारशेशहाऐंशी
@खिडकीपाशी, लेकीला डूम इटर्नल (२०२०) द्या. जीटीएक्सवर सुरेख चालतो, तिथे रे ट्रेसिंग ऐच्छिक. आणि नवा गेम स्टीमवरून घेतला असेल तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. आजच मागा.

खिडकीपाशी
मागितले. इटर्नल उतरतोय. ती पाठीमागे उभी राहून सगळे प्रतिसाद वाचतेय, सापाचा गेम बघायचाय म्हणते.

चौकोनी
फाइल देतो, वडिलांना विचारून. खूश होतील.

अर्धीझोप
झोपलं. फोनवरून लिहितेय, टायपो सांभाळून घ्या.
आमच्याकडे जीटीए मालिकेतला व्हाइस सिटी चालायचा, त्याच मालिकेतला सॅन अँड्रियास नाही. एकाला ३२ एमबीचं कार्ड पुरायचं, दुसऱ्याला ६४ लागायचं. खोक्यामागची ती बारीक अक्षरातली यादी मला पाठ होती, १ गिगाहर्ट्झ, २५६ एमबी, ६४ एमबी. आमचं शेवटच्या आकड्यावर अडायचं. वर्गातली सगळी त्याच्याच गप्पा मारायची. मी त्यांचं ऐकून ऐकून वहीत नकाशा काढला, तीन शहरं, मधले पूल, वाळवंट. कुठून कुठे जायचं हे न खेळता मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, मुलं येऊन मला रस्ता विचारायची. २०१३ ला तो गेम फोनवर आला. घेतला, आणि पहिल्यांदा सायकल हातात आली तेव्हा मिशन वगैरे सोडून सरळ वाळवंटाकडे निघाले. नकाशा उघडावा लागला नाही.

कीबोर्डवाली
ती वही आहे का गं अजून? असेल तर फोटो टाक.

अर्धीझोप
आहे की, आईकडे कपाटात. उद्या मागवते. उठलं परत, पळते.