तालुक्याच्या आयसीयूत ‘सहा मिलिलीटर’ सरसकट लावायचं का?

निपाणीकर:
निपाणी, चिक्कोडी, खानापूर या पट्ट्यातल्या लहान आयसीयूंनी एकच नियम भिंतीवर लावावा, असं माझं मत आहे. व्हेंटिलेटरवर घेतलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिलि टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात आत जाणारी हवा. आधार २००० सालच्या आर्मा अभ्यासाचा. एआरडीएसचे, म्हणजे दोन्ही फुप्फुसं सुजून पाण्यानं भरलेले, ८६१ रुग्ण घेतले, एका गटाला किलोमागे १२ मिलि, दुसऱ्याला ६. मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आले. नवं औषध नाही, महागडं मशीन नाही.

हिशेब असा: उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, १५२.४ वजा करा, ०.९१ ने गुणा. पुरुष असेल तर त्यात ५० मिळवा, बाई असेल तर ४५.५. १५० सेंमी उंचीच्या बाईचे ४३.३ किलो होतात, म्हणजे २६० मिलि. सवयीनं ५०० लावले की किलोमागे साडेअकरा झाले. म्हणजे आर्मातला जास्त मेलेला गट आपण रोज नव्यानं भरती करतोय! काट्यावरचं वजन धरू नका. पोट सुटलं म्हणून फुप्फुस वाढत नाही.

मलप्रभा:
माझी हरकत ‘प्रत्येक’ या शब्दाला आहे. आर्मातले रुग्ण न्यूमोनिया, सेप्सिस, अपघात यांतून फुप्फुस बिघडलेले. आपल्या उसाच्या पट्ट्यात श्वासनळीत ट्यूब कुणाला पडते ते बघा की. कीटकनाशक प्यालेला, नाहीतर मण्यार चावलेला. उलटी फुप्फुसात गेलेली नसेल तर फुप्फुस धड असतं, स्नायू बंद पडलेले असतात. अशा फुप्फुसाला ६ वर ठेवून पीपही (श्वास सोडल्यावर फुप्फुसात मशीन राखतं तो दाब) कमी राहिला तर तळाचे भाग मिटत जातात.

एआरडीएस नसलेल्यांवरच नेदरलँड्समध्ये प्रिव्हेंट अभ्यास झाला, २०१८ चा, ९६१ रुग्ण. कमी व्हॉल्यूमचा गट आणि ८ ते १० चा गट, २८ दिवसांत व्हेंटिलेटरविना गेलेले दिवस दोन्हीकडे २१. फायदा दिसला नाही.

आणखी एक. मण्यारीचा रुग्ण पापण्या मिटून निपचित असतो, पण बऱ्याचदा शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो. श्वास अपुरा वाटला तरी मशीनशी भांडायची ताकद त्याच्यात नाही, त्यामुळे अलार्म वाजत नाही. नाडी, बीपी चढतं, डोळ्यांतून पाणी येतं. एवढीच त्याची तक्रार.

निपाणीकर:
प्रिव्हेंट नीट वाचा. तिथं तुलना ८ ते १० शी होती, साडेअकराशी नव्हे. शिवाय कमी गटातले बरेच जण प्रत्यक्षात ६ च्या वरच श्वास घेत होते. त्यातून ‘६ ची गरज नाही’ एवढं निघतं, ‘५०० चालतात’ हे निघत नाही. आणि आज धड असलेलं फुप्फुस परवा एआरडीएसमध्ये गेलं, तर रात्री तीनला एकटा ड्यूटी डॉक्टर ते ओळखणार का? २०१६ च्या लंग सेफ पाहणीत ५० देशांतल्या आयसीयूंमध्येही सुमारे ६० टक्के एआरडीएसच ओळखले गेले होते. म्हणून आधीपासून ६.

टिळकवाडी:
रात्री तीनचाच मुद्दा घ्या. विष प्यालेल्या रुग्णाचा हाय प्रेशर (हवेचा दाब जास्त झाल्याचा) अलार्म वाजतो आणि नियम पाठ असलेला माणूस व्हॉल्यूम कमी करतो. चूक! आधी अर्ध्या सेकंदाचा इन्स्पिरेटरी होल्ड द्या, म्हणजे श्वास आत भरून थांबवा. पीक (हवा शिरतानाचा सर्वाधिक दाब) ४५ आणि प्लेटो (हवा थांबल्यावरचा दाब) १८ आला तर दोष फुप्फुसाच्या ताठरपणाचा नाही, वाटेचा आहे: स्राव, आवळलेल्या श्वासनळ्या, दुमडलेली किंवा चावलेली ट्यूब. सक्शन करा, विषावरचं ॲट्रोपिन पुरेसं पडलंय का बघा, ट्यूब चावू नये म्हणून दातांत बाइट ब्लॉक घाला. पीक आणि प्लेटो दोन्ही चढले आणि प्लेटो ३० च्या वर गेला, तर ट्यूब एका बाजूला सरकलीय का, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा कोंडणं) आहे का, ते आधी तपासा. मग व्हॉल्यूमला हात लावा. रुग्ण स्वतः जोर लावत असेल तर होल्डचा आकडा धरू नका, खोटा येतो.

संकेश्वरी:
हायवेवरचे डोक्याचे मार विसरलात वाटतं. व्हॉल्यूम ५०० वरून ३७० केला आणि रेट (मिनिटाचे श्वास) १४ वरच ठेवला, तर मिनिटाचे ७ लिटर ५.२ वर येतात. कार्बन डायऑक्साइड चढतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, कवटीतला दाब वाढतो. रेट १९ पर्यंत न्यायलाच हवा आणि अर्ध्या तासानं एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. दम्याच्या रुग्णात उलट: रेट वाढवला की श्वास बाहेर पडायला वेळ उरत नाही, हवा कोंडते, बीपी कोसळतं. तिथं रेट कमीच ठेवावा लागतो, कार्बन डायऑक्साइड थोडा चढला तरी चालवून घ्यायचा.

६ लावून निर्धास्त झालेल्यांनी स्क्रीनवरचा वेव्हफॉर्म (श्वासाचा आलेख) बघावा. हवेची भूक न भागलेला रुग्ण लागोपाठ दोन श्वास ओढतो, मधे बाहेर सोडतच नाही. सेटिंग ६ चं, आत गेले १२. अशा वेळी इन्स्पिरेटरी टाइम (हवा आत जाण्याचा वेळ) जरा वाढवा, नाहीतर ७-८ वर या. सरळ झोपेचं औषध वाढवणं हा आळस आहे.

मलप्रभा:
अगदी. आणि २६० मिलिच्या श्वासात फिल्टर न् कॅथेटर माउंट (ट्यूबला जोडणारी नळी) मिळून बराच भाग मृत जागेतच, म्हणजे फुप्फुसापर्यंत न पोचता, जातो. तिथं एचएमई (हवा ओलसर ठेवणारा फिल्टर) काढून गरम ह्युमिडिफायर लावा.

निपाणीकर:
बरं, ‘सरसकट ६’ सोडतो. छातीच्या एक्स-रेत दोन्हीकडे पांढरं असेल तर ६, बाकीच्यांना ८ पर्यंत, प्लेटो कुणाचाच ३० च्या वर नको. पण उंची न मोजता मशीन चालू करायचं नाही, हे मात्र सोडणार नाही.

संकेश्वरी:
मान्य. पाय ट्रॅक्शनमध्ये असेल तर हात आडवा पसरा, छातीच्या हाडावरच्या खाचेपासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत टेप लावा. पुरुषाला १.४० ने गुणून ५७.८ मिळवा, बाईला १.३५ ने गुणून ६०.१. उंची निघते.

टिळकवाडी:
तक्ता छापणार असाल तर १४० सेंमीपासून सुरू करा, १५० पासून नको. १४० ची बाई ३४.२ किलोची. ६ चे २०५, ८ चे २७४. तक्त्यात तिची ओळ नसली की हात परत ५०० वर जातो.