घरासमोरच्या रस्त्यावरचा सुसाट वेग कमी करायचा आहे, अर्ज कसा करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरांसमोरचा रस्ता दोन मोठ्या रस्त्यांना जोडतो. साधारण ४०० मीटर लांब, सरळसोट आणि नुकतंच डांबर पडल्यामुळे गुळगुळीत. मोठ्या चौकातला सिग्नल चुकवायला गाड्या आत घुसतात आणि मग ज्या वेगाने निघतात ते पाहून धडकी भरते. पदपथ एकाच बाजूला आहे, तोही मध्येच संपतो. शाळेची बस पलीकडच्या बाजूला थांबते, त्यामुळे मुलांना रस्ता ओलांडावाच लागतो.

ताशी ३० चा फलक आहे, पण झाडाच्या फांदीआड. वाहतूक पोलिसांना कळवलं की एखाद्या सकाळी येतात आणि ते उभे असेपर्यंत सगळे शहाण्यासारखे चालवतात. (त्यांना दोष देत नाही. एका गल्लीला कायमचा माणूस कोण देणार?) स्थानिक कार्यालयात विचारलं तर "लेखी द्या" एवढंच उत्तर मिळालं.

लेखी काय द्यायचं यावर आमच्यातच एकमत नाही. निम्म्यांना चार स्पीडब्रेकर हवेत, एका काकांना कॅमेरा हवाय, आणि ज्यांच्या दारासमोर ब्रेकर येईल ते म्हणतात की शेजाऱ्यांच्या दारासमोर करा. तर अर्जात नेमकं काय मागावं? वेग जास्त आहे हे दाखवायचं कसं, आमच्याकडे रडारगन थोडीच आहे? आणि स्पीडब्रेकर सोडून दुसरं काही असतं का? गल्लीत आजारी ज्येष्ठ आहेत, अॅम्ब्युलन्स अडखळू नये असंही वाटतं. जाणकारांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

वर्गणी काढा, दोन पोती सिमेंट आणा, रात्रीत काम फत्ते. अर्ज करत बसलात तर म्हातारे व्हाल.

प्रतिसाद २

वरचं अजिबात करू नका. रंग नाही, फलक नाही, मापाचा पत्ता नाही असा उंचवटा अंधारात दुचाकीस्वाराला आडवा करतो आणि मग जबाबदारी कोणाची हा प्रश्न तुमच्या दाराशी येतो. शिवाय तो पाणी अडवतो ते वेगळंच.

रस्त्यांच्या आराखड्यांचं काम केलं आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. चालक फलक वाचून वेग ठरवत नाही, समोरचा रस्ता पाहून ठरवतो. तुमचा रस्ता सरळ, गुळगुळीत आणि मोकळा आहे, म्हणजे तो स्वतःच पन्नासने चालवा म्हणतोय. पोलीस किंवा कॅमेरा असला की तेवढ्या टापूत वेग उतरतो, पुढे पुन्हा चढतो. म्हणून उपाय रस्त्याच्या घडणीत हवा. १९७० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात रहिवाशांनी हेच ओळखून निवासी रस्त्यांचा सरळपणा मोडायला सुरुवात केली. १९७६ मध्ये तिथे अशा रस्त्यांना कायद्यानेच मान्यता मिळाली.

पण अर्जात "चार स्पीडब्रेकर द्या" असं लिहू नका. त्रास काय आहे ते लिहा, उपाय त्यांना सुचवू द्या. ठरावीक वस्तू मागितली की "निकषात बसत नाही" म्हणून फाइल बंद करणं फार सोपं जातं. त्रासाचा आकडा समोर असला की काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

आकडा मिळवायला रडारगन लागत नाही. टेपने ५० मीटर मोजा, दोन्ही टोकांना भिंत किंवा खांब अशी ओळखीची खूण धरा. गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत गेली ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाहा आणि १८० ला त्या सेकंदांनी भागा. ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, ३.६ सेकंद म्हणजे ५०. रस्त्याच्या कडेला ठळकपणे उभे राहू नका, दिसलात की लोक सावकाश होतात. गच्चीतून व्हिडिओ काढून नंतर शांतपणे मोजलं तर चूक कमी होते. पुढच्या गाडीमागे अडकलेली गाडी धरू नका, मोकळी आलेलीच धरा. शंभरेक नोंदी झाल्या की वेगाच्या चढत्या क्रमाने लावा आणि पंच्याऐंशीवी पाहा. शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो हा वेग, आणि अभियंते बहुधा याच भाषेत बोलतात.

धोका समजावायला एक हिशेब जोडा. चालकाला भान यायला एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर ताशी ३० ची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० ची गाडी त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर जाते. म्हणजे पहिली जिथे थांबलेली असते तिथे दुसरीचा ब्रेक लागायचाच असतो, ती पूर्ण वेगाने आदळते. उलट बाजूने, तुमच्या ४०० मीटरला ५० ऐवजी ३० ने गेलं तर तोटा फक्त १९ सेकंदांचा. हे वाक्य विरोध करणाऱ्यांसमोर हमखास उपयोगी पडतं.

आता उपाय. एकच ब्रेकर केला तर लोक तो ओलांडून दामटतात, म्हणून ६० ते १०० मीटरवर एक अशी मालिका लागते. आकारही महत्त्वाचा. अरुंद, टोचणारा उंचवटा हाडं खिळखिळी करतो. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेला गोलाकार उंचवटा ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो, हळू गेलं तर त्रास नाही. अॅम्ब्युलन्ससाठी मध्ये फटी ठेवलेले चौकोनी उंचवटे करतात. रुंद गाडीची चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात, मोटारीचं एखादं तरी चाक वर चढतंच. दुचाकी मात्र फटीतून सुळकन जाते, हा त्यातला दोष. तुमच्याकडे बसथांबा आहे, तर तिथे पदपथाच्या उंचीला उचललेलं क्रॉसिंग आणि दोन्ही कडांनी आत घेतलेला रस्ता मला सगळ्यात योग्य वाटतो. मुलांना ओलांडायचं अंतरही कमी होतं.

कॅमेऱ्याचा नाद सोडा. आणि फांदी आधी छाटून घ्या, ते काम एका पत्रात होईल!

प्रतिसाद ३

एक भर घालते. तुमची खरी तक्रार आडवाटेने घुसणाऱ्या गाड्यांची आहे. एका टोकाला फक्त पादचारी आणि सायकली जातील असे खांब रोवले तर ब्रेकरची गरजच उरत नाही. पण मग त्या गाड्या शेजारच्या गल्लीत जातील, तेव्हा तिथल्या लोकांना आधीच सोबत घ्या, नाहीतर विरोधाचं पहिलं पत्र त्यांचंच येईल. जिथे उंचवटा येईल त्या घरांची संमतीही लेखी घ्या. रिकामा ट्रक रात्री त्यावरून आदळला की झोपमोड त्यांचीच होते.

आणि वस्तीत ३० ची मर्यादा म्हणजे फारच कमी, असं कोणी म्हणालं तर सांगा की ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने मोठे रस्ते सोडून सगळीकडे १९९२ पासूनच ३० लावलंय. वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २०२३ पासून ताशी २० मैल, म्हणजे ३२ किमी आहे.

धागाकर्ती

खूपच आभार. सेकंदांचा हिशेब काकांना दाखवला, ते गच्चीतून मोजायला एका पायावर तयार आहेत. खांबांचं शेजारच्या गल्लीशी बोलून पाहते. एक विचारायचं राहिलं, दुचाक्या आणि मोटारी एकाच यादीत लिहायच्या का?

प्रतिसाद २

वेगळ्या लिहा, आणि वेळही नोंदवा. सकाळी शाळेच्या वेळेला गर्दीमुळे वेग कमी आणि दुपारी मोकळ्या रस्त्यावर जास्त असं चित्र निघालं तर दोन्ही वेळा अर्जात स्वतंत्र दाखवा. एकत्र सरासरी काढली की दुपारचा वेग तिच्यात बुडून जातो.