लॅपटॉपचा स्क्रू स्लिप झाला? रबरबँड बाजूला ठेवा, ड्रिल हातात घ्या

सडेतोड_सोलापूरकर
तळाचा एखादा स्क्रू जागच्या जागी फिरायला लागला, फुलीची वाटी झाली, की लोक आधी बिटखाली (ड्रायव्हरच्या टोकाखाली) रबरबँड लावतात, मग फेविक्विक, मग सपाट ड्रायव्हर ठोकून बघतात. दर प्रयत्नाला उरलीसुरली फुलीही जाते. माझं म्हणणं असं की योग्य बिटने, वरून भरपूर दाब देऊन एकदा प्रामाणिकपणे बघा. नाही निघाला तर सरळ ड्रिल. एम2 म्हणजे 2 मिमी जाडीच्या स्क्रूला 2 मिमीचं ड्रिल बिट, वेग कमी, आणि फक्त डोकं उडवायचं. झाकण आवळून धरतं ते डोकंच. ते गेलं की झाकण सुटतं, आणि ताण संपल्यामुळे उरलेला दांडा बारीक पकडीत धरून बहुतेक वेळा आरामात फिरतो. बाकीचे उपाय म्हणजे वेळेचा खेळखंडोबा.

आटे_आणि_पेच
माझा धंदाच दुरुस्तीचा आहे, म्हणून विरोध नोंदवतो. तुम्ही ड्रिल मारता तेव्हा झाकण बंद असतं, म्हणजे बॅटरीची वायर काढलेली नसते. बिट जरा घसरलं किंवा आरपार गेलं की खाली लिथियमची पिशवी. दुसरी गोष्ट किसाची. स्पीकरच्या चुंबकाला लोखंडी कीस चिकटून बसतो, फुंकर मारून निघत नाही, आणि पुढे कधीतरी तोच सुटून बोर्डवर येतो. गिऱ्हाईक म्हणतं "तुमच्याकडून आल्यावर महिनाभर नीट चालला".

बरेचसे स्क्रू अडकतात ते आट्यांवरच्या निळ्या लेपामुळे. तो उष्णतेने मऊ पडतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर थोडा वेळ टेकवा आणि गरम असतानाच फिरवा. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, मग उलटं. कट्ट असा आवाज आला की समजा सुटला.

प्लास्टिकवाला
आयर्नचा सल्ला सरसकट देऊ नका हो. स्वस्त लॅपटॉपच्या प्लास्टिक बॉडीत पितळी नट असतात, आणि ते कारखान्यात गरम करूनच बसवलेले असतात. तुम्ही वरून तापवलंत की तेही सैल होतात. मग स्क्रू आणि नट दोघं मिळून फिरतात, आणि त्या अवस्थेत ना बिट कामाचं ना पकड. धातूच्या बॉडीला तापवा, प्लास्टिकला नको.

आटे_आणि_पेच
@प्लास्टिकवाला बरोबर. नट फिरायला लागला तर काम दुप्पट वाढतं.

रबरबँड_समर्थक
रबरबँडला इतकं का झोडपताय? फुली नुकतीच घासायला लागली असेल तर चालतो. माझ्या डेस्कटॉपच्या केसचे स्क्रू असेच काढलेत.

सडेतोड_सोलापूरकर
केसचे स्क्रू मोठे असतात हो. एम2 च्या फुलीत रबर गेलं की बिट तळाला टेकतच नाही, वरच्या वर तरंगतं आणि कडा आणखी खातं. तुमचा अनुभव खरा, पण तो लॅपटॉपला लागू होत नाही.

बॅटरीचा मुद्दा मात्र मान्य. थिंकपॅडसारख्या काही मॉडेल्सना बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) बॅटरी बंद करायची सोय आहे, ती आधी वापरावी. पिशवी तरी तिथेच राहते, त्यामुळे बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करायची. हे आधी लिहायला हवं होतं. तरी मत बदललेलं नाही.

फेविक्विक_नको
फेविक्विकबद्दल कुणी सविस्तर बोललं नाही म्हणून लिहिते. ते पातळ असतं, फटीतून सरळ आट्यांमध्ये उतरतं. म्हणजे जो स्क्रू काढायचा तोच पक्का डकवायचा! शिवाय पिळाला तो जोड फार टिकत नाही. त्यापेक्षा ऑटो स्पेअर्सच्या दुकानात व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळते, तिचा ठिपका फुलीत द्या. खरखरीत असल्यामुळे बिट धरून ठेवते. नंतर पुसून टाकायला विसरू नका.

एसएसडी_बदलणारा
तुम्ही सगळे तळाच्या झाकणात अडकलात. माझ्या मते जास्त जीव खातो तो आतला, एम.2 एसएसडीचा, म्हणजे पट्टीसारख्या स्टोरेज कार्डाचा स्क्रू (हे एम.2 म्हणजे स्क्रूचं माप नव्हे). तिथे ड्रिल म्हणजे मदरबोर्डवर ड्रिल, त्यामुळे धागाकर्त्याचा उपाय इथे बादच. पण त्याचं चपटं डोकं वर उघडं असतं, बाजूने धरता येतं. टोकदार पकडीने किंवा वायर कापायच्या निपरने हलकेच पकडून फिरवा. खालचा पितळी खुंटही सोबत फिरत असेल तर दुसऱ्या पकडीने तो धरा.

नारळीपोफळी
एक विचारायचं राहिलं. इतक्या स्क्रूंची डोकी जातातच का? मला वाटतं निम्मा दोष ड्रायव्हरचा. पीएच0 (फुलीच्या ड्रायव्हरचं माप) च्या जागी त्याहून बारीक पीएच00 घातला की तो आत सैल बसतो आणि पहिल्याच झटक्याला फुली खातो. लोक उपायांवर तासभर भांडतील, पण चांगला बिट सेट घेणार नाहीत.

सडेतोड_सोलापूरकर
ग्राहकाला दोष देणं सोपं आहे. कंपन्यांनी टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा स्क्रू) वापरला तर निम्मे धागे बंद पडतील. ॲपलने तर पाच पाकळ्यांचा पेंटालोब आणून वेगळाच ड्रायव्हर घ्यायला लावला.

नारळीपोफळी
टॉर्क्स चांगला, पण टी5 च्या जागी एक माप बारीक टी4 घातलात तर तोही गोल होतो. आमच्याकडे किनाऱ्यावर तर खाऱ्या हवेने केसचे स्क्रू गंजूनच बसतात. तिथे गंज सोडवणारं तेल काडीच्या टोकाने एक थेंब लावून रात्रभर ठेवावं लागतं. स्प्रे थेट मारायचा नाही, आत बोर्ड आहे.

आटे_आणि_पेच
गंजलेल्या स्क्रूला ड्रिल चालेल, तिथे माझी हरकत नाही. कॅबिनेट रिकामं करून घ्या म्हणजे झालं.