मार्ता होती तरी कोण? की सा-कार्नेरोला शेवटच सुचला नाही?

वामकुक्षी: काल एकाने ठोकून दिलंय, पोर्तुगीज लेखक सा-कार्नेरोची ‘लुसिओची कबुली’ ही कादंबरी म्हणजे शेवट न सुचलेल्या लेखकाची पळवाट, संदिग्धता वगैरे समीक्षकांचे चोचले. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. अहो, मार्ता, म्हणजे रिकार्दोची बायको आणि कथा सांगणाऱ्या लुसिओची प्रेयसी, काय शेवटच्या पानावर गायब होते? त्याच्या कितीतरी आधी, रिकार्दोच्या घरी संगीत रंगलेलं असताना ती लुसिओच्या डोळ्यांदेखत विरत जाते आणि समोर नुसती रिकामी खुर्ची उरते. तिला ना माहेर, ना भूतकाळ. रिकार्दो लुसिओचं चुंबन घेतो, तर त्यात लुसिओला मार्ताच जाणवते. शेवटी रिकार्दो गोळी झाडतो मार्तावर, मरून पडतो रिकार्दो, आणि धुमसतं रिव्हॉल्व्हर लुसिओच्या पायाशी! १९१४ सालच्या कादंबरीत इतकं बेतून लिहिणाऱ्याला शेवट सुचला नाही म्हणे.

फौजदारी: रिकार्दोच्या खुनासाठी दहा वर्षं तुरुंगात काढलेला माणूस सांगतो, मी मारलं नाही, बाई हवेत विरली. ताई, असे अशील रोज येतात. एकाचा कोयता तर आपोआप चालला होता. प्रेमाचा त्रिकोण, खून आणि वर काव्य. संदिग्ध कसलं?

वामकुक्षी: तुमचा अशील शिक्षा चुकवायला खोटं बोलतो. लुसिओ शिक्षा भोगून झाल्यावर लिहितोय, खटल्यात त्याने बचावसुद्धा केला नव्हता. आता खोटं बोलून मिळणार काय?

फौजदारी: अब्रू.

कोरा चहा: सा-कार्नेरोची ती ‘ऑर्फेउ’ नियतकालिकवाली टोळीच तसली. १९१५ साली दोन अंक काढले आणि शंभर वर्षं मिरवतायत. त्यांचा तो कवी पेसोआ, ढीगभर नावं घेऊन लिहिलं. आपल्या गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज म्हणून लिहिली, विनोद बाळकराम म्हणून. कुणी तत्त्वज्ञान केलं त्याचं?

मांडवीकाठ: गडकऱ्यांना कशाला ओढताय? बाळकरामची पत्रिका मांडली होती का कुणी? पेसोआने आपल्या कल्पित लेखकांच्या मांडल्या. त्यांतला काइरो ‘वारल्यावर’ दुसरा, काम्पोस, त्याच्या आठवणी लिहितो, आणि दोघेही पेसोआच! आमच्या आजोबांनी गोव्यात पोर्तुगीज शाळेत त्यांचा महाकवी कामोंइश घोकला, पेसोआचं नाव कुणी काढलं नाही. आणि आता पुण्या-मुंबईचे लोक आम्हाला पोर्तुगीज साहित्य शिकवतात.

खतावणी: मी पतपेढीत हिशेबनीस आहे. मला पेसोआच्या त्या कल्पित लेखकांतला बेर्नार्दो सोआरिशच खरा वाटतो. लिस्बनच्या दोराडोरिश रस्त्यावर कापडाच्या पेढीत खतावणी लिहितो, वास्किश साहेबांच्या हाताखाली. पण त्याचं पुस्तक पेसोआने पुरं केलंच नाही. तो १९३५ साली गेला, सुटे कागद जुळवून पुस्तक निघालं १९८२ साली. प्रत्येक संपादकाचा क्रम वेगळा. माझ्याकडे दोन आवृत्त्या आहेत, एकीतला उतारा दुसरीत हुडकताना रविवार जातो. आमच्याकडे असे हिशेब ठेवले तर ऑडिटर फाडून खाईल.

कोरा चहा: म्हणजे पात्र कोण ठाऊक नाही, पुस्तक कुणाचं ठाऊक नाही. मी वेगळं काय म्हणत होतो?

मांडवीकाठ: एक पान तरी वाचलंय का?

कोरा चहा: गडकरी वाचलेत. पुरे.

वामकुक्षी: मार्ताबद्दल बोलायचं असेल तर बोला, नाहीतर गडकऱ्यांचा वेगळा धागा काढा.

फौजदारी: ते खुर्चीचं पान पुन्हा वाचलं. लेखकाने आधीच पेरून ठेवलंय, एवढं देतो. पण खुर्ची रिकामी दिसली कुणाला? आरोपीलाच. जामीन नामंजूर.