मदत हवी आहे: आयटीआय, कंपनी आणि युनियनच्या प्रशिक्षण करारातली कलमं

चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यासाठी सरकारी आयटीआयसोबत ड्युअल पद्धतीच्या (काही काळ आयटीआयत, काही काळ कारखान्यात) प्रशिक्षणाचा करार लिहायचा आहे. युनियनही सही करणार आहे. कंत्राटी धरून मनुष्यबळ २४०, म्हणजे कायद्यातल्या अडीच ते पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) ६ ते ३६. व्यवस्थापनाला ३६ हवेत. युनियनला भीती की कायम जागा अशाच भरल्या जातील, आणि ती भीती अगदीच खोटी नाही: १९६१च्या अप्रेंटिस कायद्याच्या कलम १८ नुसार अप्रेंटिस 'कामगार' नाही.

स्टायपेंडमधला केंद्राचा वाटा (२५ टक्के, महिना कमाल १५०० रुपये) थेट अप्रेंटिसच्या खात्यात येतो. आधार जोडलेलं नसेल तर अडकतो. ते निस्तरता येतं.

खरं घोडं पेंड खातं शॉप फ्लोअरवर. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) शिकवणाऱ्या कामगाराचं पाळीचं टार्गेट कमी केलं नाही, तर तो पोरांना माल मोजायला बसवतो आणि लॉगबुकात 'टर्निंग' (लेथवरचं काम) शिकवलं असं लिहून मोकळा होतो.

शिकवण्याच्या तासांची टार्गेटमधून सूट, इन्सेंटिव्हची भरपाई आणि एका कुशल कामगारामागे किती अप्रेंटिस, यावर प्रत्यक्षात चाललेल्या कलमांचा मसुदा कोणाकडे आहे का? लॉगबुकावर युनियन प्रतिनिधीची सही कुठे लागू केली आहे का?