गोळी कधी घेतली होती?
टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) २.१ म्हणजे छान, पण फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) वरच्या मर्यादेच्या जरासा पुढे, मग थायरॉइडच्या गोळीचा डोस कमी करू का, असं विचारलंय तुम्ही. आधी सांगा, रक्त द्यायच्या आधी सकाळची गोळी घेतली होती का? लेव्होथायरॉक्सिन (म्हणजे हीच गोळी) घेतल्यावर साधारण २ ते ४ तासांनी फ्री टी४ चढलेला असतो. टीएसएच इतक्या पटकन हलत नाही. म्हणून तपासणीच्या दिवशी आधी रक्त, मग गोळी. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल (हे कोणी विचारतच नाही!) तर तेही किमान २ दिवस आधी थांबवा, काही मशीनवर त्याने आकडे चक्क खोटे येतात. डोस बदलून ६ आठवडे झाले नसतील तर टीएसएचवरही विसंबू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कमी करू नका.